माशांच्या जनुकांची वाटणी

कोळणीच्या पाटीत पापलेट, सुरमई, बांगडा, बोंबील असतात आणि कधी शेजारीच मुशी किंवा पाकट असते. मुशी आणि पाकट कूर्चेचे मासे, बाकीचे हाडांचे. पण या दोन गटांत आणखी एक मोठा फरक आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. आजच्या बहुतेक सगळ्या हाडांच्या माशांचा जो समान पूर्वज, त्याचा अख्खा जनुकसंच सुमारे ३२ ते ३५ कोटी वर्षांपूर्वी दुप्पट झाला. जिथे एक जनुक होतं तिथे दोन आली. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या जवळपास निम्म्या जाती आज याच पूर्वजाच्या वंशातल्या आहेत.

या जादा जनुकांचं पुढे काय झालं? सुसुमू ओहनो यांनी १९७० मध्ये त्याचं उत्तर मांडलं होतं. एक प्रत नेहमीचं काम सांभाळते, म्हणून दुसरी बदलायला मोकळी राहते. क्वचित तिला नवं काम सापडतं, एरवी ती बिघडून नाहीशी होते. बहुतेक जादा प्रती खरोखरच नाहीशा झाल्या. तरीही माशांमध्ये टिकलेल्या जोड्या हजारोंनी सापडल्या. एवढ्या सगळ्यांना नवं काम मिळालं असेल, हे पटण्यासारखं नव्हतं.

१९९९ मध्ये ॲलन फोर्स, मायकल लिंच, जॉन पोस्टलथ्वेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा तिढा सोडवला. प्रत्येक जनुकाच्या आसपास डीएनएचे छोटे तुकडे असतात. जनुक कोणत्या अवयवात आणि केव्हा चालू व्हायचं, हे ते ठरवतात. एका प्रतीतला एक तुकडा बिघडला आणि दुसऱ्या प्रतीतला वेगळाच, तर बापाच्या जमिनीसारखी जुन्या कामाची दोघींत वाटणी होते. मग दोघींपैकी एकही गमावून चालत नाही. मला या कल्पनेतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते, की दोन्ही प्रती टिकल्या त्या मोडतोडीमुळे.

त्यांनी दिलेलं उदाहरण ‘एनग्रेल्ड-१’ या जनुकाचं होतं. उंदराच्या गर्भात हे एकच जनुक पायांच्या अंकुरातही काम करतं आणि मागच्या मेंदूतल्या व मेरुरज्जूतल्या काही चेतापेशींतही. झेब्राफिशमध्ये त्याच्या दोन प्रती आहेत. एक छातीकडच्या पराच्या अंकुरात चालू होते, दुसरी त्या चेतापेशींत. झेब्राफिशचा गर्भ पारदर्शक असल्यामुळे कोणतं जनुक कुठे चालू आहे, हे त्याला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहता येतं.

वाटणीनंतर कधीकधी खरोखरीचं नवं कामही उभं राहतं. स्नायू आकसण्यासाठी सोडियम पेशीत सोडणारी एक वाहिनी लागते. माणसात स्नायूंच्या या वाहिनीचं जनुक एकच आहे. त्यात दोष आला तर स्नायू ताठरतात किंवा काही काळ लुळे पडतात. माशांत ही जनुकं दोन आहेत आणि सामान्य माशांच्या स्नायूंत दोन्ही चालतात. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या विजेच्या माशांत मात्र त्यांतलं एक स्नायूंतून जवळपास निघून गेलं आणि वीज निर्माण करणाऱ्या अवयवात चालू झालं. हा अवयव मुळात स्नायूंपासूनच बनतो. स्नायूंची जबाबदारी दुसऱ्या प्रतीने उचलली असल्याने पहिलीच्या प्रथिनात झपाट्याने बदल होऊ शकले. दोन खंडांत, दोन वेगळ्या वंशांत हे स्वतंत्रपणे घडलं, तेही जनुकं दुप्पट झाल्यानंतर दहा कोटींहून अधिक वर्षांनी! इतका काळ ती जादा प्रत टिकून होती म्हणूनच हे शक्य झालं.

हा सगळा इतिहास प्रयोगशाळेतही आडवा येतो. मूळचा भारतीय उपखंडातला झेब्राफिश आज जगभर अभ्यासला जातो, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोडीदार आहे, कित्येकदा एकाऐवजी दोन. त्यामुळे एखादं जनुक बंद करूनही माशाला काहीच झालं नाही, अशी बातमी वाचनात आली, तर त्याच्या दुसऱ्या प्रतीचं काय केलं होतं, हे आधी विचारा.