कंपवात आणि औषधाची मात्रा

हातापायांना कंप सुटणे, अंग ताठरणे व हालचाली मंदावणे ही कंपवाताची प्रमुख लक्षणे होत. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे वर्णन केले. मेंदूत नेमके काय बिघडते, हे मात्र पुढे सुमारे दीडशे वर्षांनी उमगले.

मेंदूतील काही पेशी ‘डोपामीन’ नावाचे द्रव्य निर्माण करतात. हालचालींचे नियमन त्यावर अवलंबून असते. कंपवातात या पेशी हळूहळू नष्ट होतात. मृत रोग्यांच्या मेंदूत डोपामीन अत्यल्प असते, असे १९६० साली व्हिएन्ना येथे एरिंगर व होर्निकिएविच यांनी दाखविले.

मग डोपामीनच का देऊ नये? रक्त आणि मेंदू यांमधील सूक्ष्म अडसर त्याला आत जाऊ देत नाही. ‘लेव्होडोपा’ हे द्रव्य मात्र तो ओलांडते व मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामीन बनते. खाजकुहिलीच्या बियांतून दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच ते वेगळे केले होते.

प्रारंभी औषधाने मळमळ व उलट्या होत. अमेरिकेतील जॉर्ज कॉटझिआस यांनी १९६७ साली अल्प मात्रेपासून आरंभ करून ती क्रमाने वाढविली आणि रोग्यांना स्पष्ट गुण आला. पुढे ‘कार्बिडोपा’ची जोड मिळाली. त्यामुळे लेव्होडोपाचे डोपामीन मेंदूबाहेर बनणे बरेचसे टळते. मळमळ घटते आणि पूर्वीच्या सुमारे पाव हिश्श्याइतकी मात्रा पुरते.

तरीही मात्रा ठरविणे सोपे नाही. रक्तातील लेव्होडोपा सुमारे दीड तासात निम्मे होते. आरंभी मेंदूतील उरलेल्या पेशी डोपामीन साठवून ही उणीव भरून काढतात. रोग वाढल्यावर ते साधत नाही. मात्रा उणी पडली, तर पुढील वेळेपूर्वीच अंग ताठरते. अधिक झाली, तर अंगाच्या अनिच्छ हालचाली सुरू होतात. म्हणून डॉक्टर प्रत्येक रोग्याची मात्रा व वेळ निरनिराळी ठरवितात. डाळी, दूध, मांस यांतील प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणाआड येऊ शकतात. यास्तव पुष्कळ रोग्यांना ते जेवणापूर्वी घ्यावयास सांगतात.

हे औषध रोग समूळ घालवीत नाही. तथापि हालचालींचे स्वातंत्र्य बव्हंशी परत देते. ते एकाएकी थांबविल्यास तीव्र ज्वर व ताठरपणा येऊन प्राणावर बेतू शकते. खाजकुहिलीच्या बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. म्हणून मोजून दिलेल्या गोळीची जागा त्या घेऊ शकत नाहीत.