शपथ व शपथभंग : शाफिई आणि हनफी निर्णय

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि नवी मुंबई उभी राहू लागली. त्यापूर्वी तळोजे-पनवेल भागात पिढ्यान्‌पिढ्या वसलेला कोकणी मुसलमान समाज धर्मशास्त्रात शाफिई संप्रदायाचा अनुयायी होता व आजही आहे. नव्या वसाहतींत उत्तर भारतातून आलेली मुसलमान कुटुंबे बहुधा हनफी आहेत. नमाजातील हात बांधण्याचा भेद शेजाऱ्यास ताबडतोब दिसतो. शपथेविषयीचा भेद मात्र शपथ मोडल्यावाचून ध्यानात येत नाही.

शपथेस अरबीत ‘यमीन’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ उजवा हात. शपथ ईश्वराच्या नावाने वा गुणांनीच घ्यावयाची. बापाची शपथ पैगंबरांनी निषिद्ध ठरविली, आणि मराठीतील ‘आईशपथ’ही त्याच निषेधाखाली येते. परंतु घेतलेली शपथ कोणत्याही परिस्थितीत पाळलीच पाहिजे, असे इस्लामी शास्त्र मानीत नाही. आपल्या कन्येवरील, आयेशांवरील, अपवादात सामील झालेल्या मिस्तह या गरीब आप्ताचे साहाय्य बंद करण्याची शपथ अबू बक्र यांनी घेतली होती. कुराणाच्या चोविसाव्या अध्यायातील बाविसावे वचन त्या प्रसंगीचे मानले जाते; त्यानंतर त्यांनी ते साहाय्य पुन्हा सुरू केले. शपथेपेक्षा श्रेयस्कर गोष्ट दिसल्यास ती करावी व शपथभंगाचे प्रायश्चित्त, म्हणजे ‘कफ्फारा’, द्यावे, असा हदीसचा दंडक आहे. शाफिई मताने हे प्रायश्चित्त, उपवासाचे नसल्यास, शपथ मोडण्यापूर्वीही देता येते. हनफींना ते मान्य नाही; अपराध घडण्याआधी त्याचे प्रायश्चित्त कसले, हा त्यांचा प्रश्न आहे.

समजा, एखादा तरुण बोलण्याच्या ओघात, केवळ सवयीने, ‘अल्लाची शपथ, मी उद्या येणार नाही’ असे म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी आला. शाफिई मताने हा उद्गार ‘लग्व’, म्हणजे पोकळ, होय. त्यावर काहीही देणे नाही. हनफी मताने भविष्याविषयीची शपथ हेतू नसतानाही बांधते, म्हणून कफ्फारा द्यावा लागतो. त्यांच्या लेखी लग्व म्हणजे गतगोष्टीविषयी खरे समजून घेतलेली, पण चुकीची निघालेली शपथ.

जाणूनबुजून घेतलेल्या खोट्या शपथेचा प्रश्न याहून गंभीर आहे. ती घेणाऱ्यास पापात बुडविते, म्हणून तिला ‘गमूस’ म्हणतात. वाद कुराणातील दोन वचनांतून निघतो. पाचव्या अध्यायात (५.८९) शपथ ‘बांधण्याचा’ उल्लेख आहे. हनफी म्हणतात, घडून गेलेल्या गोष्टीत बांधण्याजोगे काही उरतच नाही. शिवाय हे पाप दहा गरिबांच्या जेवणाने फिटण्याइतके लहान नव्हे. म्हणून तेथे कफ्फारा नाही, केवळ पश्चात्ताप. शाफिई दुसऱ्या अध्यायाकडे (२.२२५) बोट दाखवितात. तेथे अंतःकरणाने केलेल्या कृतीचा जाब आहे, आणि खोटी शपथ ही तशीच कृती असल्याने पश्चात्तापाबरोबर कफ्फाराही लागतो. हनफी निर्णय वरवर सौम्य वाटतो. वस्तुतः तोच अधिक कठोर आहे. मात्र खोट्या शपथेने कोणाचा हक्क बुडाला असल्यास तो परत करण्याची जबाबदारी दोन्ही मतांत कायम राहते.

न्यायालयातील व्यवहार यापासून केव्हाच अलग झाला. कंपनी सरकारने १८४० च्या पाचव्या कायद्याने साक्षीदारांची कुराणावरील व गंगाजलावरील शपथ काढून तिच्या जागी प्रतिज्ञा आणली. १९६९ च्या शपथ कायद्यानेही साक्षीदारास शपथेऐवजी प्रतिज्ञेची मोकळीक दिली आहे. खोट्या साक्षीची शिक्षा दोहोंस सारखीच आहे.

कफ्फारा म्हणजे दहा गरिबांना अन्न वा वस्त्र देणे, किंवा गुलाम मुक्त करणे. यांपैकी काहीच शक्य नसल्यास तीन उपवास. यातील गुलाममुक्तीचा पर्याय आता केवळ ग्रंथांत उरला आहे. शाफिई माणसी एक मुद्द धान्य सांगतात, आणि तेही त्या गावाच्या नित्याच्या अन्नाचे. म्हणजे कोकणात तांदूळ. शिजवलेले जेवण वा रोख रक्कम त्यांना चालत नाही. हनफी माणसी अर्धा साअ, म्हणजे दोन मुद्द, गहू सांगतात. दोन वेळचे जेवण किंवा धान्याची किंमतही त्यांना पुरते. एकाच गरिबास दहा दिवस जेवू घातले तरी हनफींना ते मान्य आहे. शाफिईंना दहा माणसेच हवीत. उपवासांच्या बाबतीत मात्र सवलत शाफिईंकडे आहे. इब्न मसऊद यांच्या पाठात ‘सलग’ असा अधिक शब्द आढळतो. त्याच्या आधारे हनफी तीन उपवास लागोपाठ मागतात, आणि मध्ये खंड पडल्यास पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. शाफिईंचा प्रमाण मत असा की, ते सुटे सुटे केले तरी चालतात.