फवाऱ्याचे स्तोत्र

राजेरजवाडे, रणधुरंधर वीर, फार तर एखादा गाणारा पक्षी किंवा शरदऋतू यांच्या गौरवार्थ युरोपीय कवींनी ‘ओड’ नामक जे भारदस्त स्तुतिकाव्य जोपासले, ते कुणी हिरवळीवरच्या पाण्याच्या फवाऱ्यावर, पोराच्या झिजलेल्या बुटांवर आणि तव्यावरून उतरलेल्या टॉर्टिलावर उधळावे, ही कल्पना प्रथमदर्शनी थट्टेची वाटेल. परंतु गॅरी सोटो यांनी 1992 साली प्रसिद्ध झालेल्या ‘नेबरहुड ओड्स’ या बालकवितासंग्रहात नेमके हेच केले, आणि थट्टेला कोठेही तुच्छतेचा वास येऊ दिला नाही.

सोटो यांचा जन्म 1952 साली कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहरी, मेक्सिकन वंशाच्या श्रमजीवी कुटुंबात झाला. भोवतालचा मुलूख द्राक्षमळ्यांचा. अमेरिकेतले बहुतेक सारे बेदाणे इथलेच, आणि द्राक्षे खुडणाऱ्यांत मेक्सिकनांचा भरणा मोठा. सोटो पाच वर्षांचे असताना त्यांचे वडील कामावरील अपघातात दगावले. पुढे त्यांनी स्वतःही मळ्यांत मजुरी केली. एवढ्या सामग्रीवर एखाद्या कवीने करुणरसाचे पाट वाहविले असते. मुलांसाठी लिहिताना सोटोंनी तो मोह आवरला, यातच मला त्यांचे मोठेपण दिसते.

फवाऱ्याचीच कविता घ्या. फ्रेझ्नोच्या उन्हाळ्यात पारा 38 अंशांपर्यंत सहज चढतो, आणि गल्लीत पोहण्याचा तलाव नाही. तेव्हा मुलांचा जलविहार काय तो फवाऱ्याखालीच. तलाव नसल्याची नोंद कवितेत आहे, पण तिला तक्रारअर्जाचे रूप नाही; दारिद्र्याची ही कैफियत आनंदाच्या ओघात जाता जाता उरकली जाते, कारण भिजणाऱ्या मुलाला तिची फिकीर करण्यास सवड नसते, आणि प्रौढ वाचकाच्या नजरेतून मात्र ती सुटत नाही. रंगीत पाकाचा बर्फाचा गोळा, मसाला वाटण्याचा दगडी खल, मोहल्ल्यातले ग्रंथालय, रडत हिंडणारी योरोना नावाची हडळ, या साऱ्यांना येथे ओडचा मान मिळतो.

सरकारी दप्तराला मात्र सोटोंच्या गल्लीतल्यासारख्या लोकांची दखल घेण्याची घाई नव्हती. तुम्ही हिस्पॅनिक आहात काय, हा प्रश्न अमेरिकन खानेसुमारीत सरसकट सर्व घरांना विचारला गेला तो 1980 साली. त्या एका नावाखाली क्यूबन, प्वेर्तो रिकन, मेक्सिकन सारेच कोंबले जातात. सोटोंची गल्ली मात्र निःसंशय मेक्सिकन, आणि त्यातही फ्रेझ्नोचीच आहे.

क्षुद्र वस्तूंच्या गौरवाची वाट चिलीच्या पाब्लो नेरूदांनी 1954 साली कांद्या-टोमॅटोवर ओड रचून आधीच पाडली होती, आणि त्यांच्या आखूड ओळींची ठेवणही सोटोंत ओळखू येते. मात्र नेरूदांच्या कांद्याकडे प्रौढ चिंतक पाहतो, तर सोटोंच्या टॉर्टिलाकडे पाहणारे मूल भुकेले आहे. मुलांसाठीच लिहिणारे दुसरे कवी फ्रान्सिस्को आलार्कोन यांनी 1997 पासून काढलेले चार ऋतूंचे चार संग्रह स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहेत. त्या कविता चिमुकल्या, गोजिरवाण्या, क्वचित उपदेशाकडे झुकणाऱ्या.

सोटोंच्या फ्रेझ्नोजवळच्याच फाउलर गावी 1948 साली शेतमजुरांच्या पोटी जन्मलेले हुआन फेलिपे हेरेरा 2015 साली अमेरिकेचे राष्ट्रकवी झाले. त्यांनीही आपले बालपण मुलांसाठी लिहिले. परंतु ते हंगामामागून मुक्काम हलविणाऱ्या बिऱ्हाडाचे असल्यामुळे सोटोंसारखा कायमचा शेजार त्यांच्या वाट्याला आला नाही.