सातवीचा इतिहास घरी शिकवताना

हिफ्जसाठी मुलाला दोन-तीन वर्षे शाळेतून काढले की गणित आणि विज्ञानाची काळजी प्रत्येक घरात होते. शिकवणी लावली जाते, इंग्रजीसाठीही कुणी ना कुणी सापडते. इतिहासाचे पुस्तक मात्र परीक्षा जवळ आली की पाठ करू, म्हणून कपाटावरच राहते. आमचा बारा वर्षांचा मुलगा सकाळी मदरशात असतो आणि दुपारनंतर शाळेचा अभ्यास घरीच करतो. पुढे राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातून आठवीची परीक्षा द्यायचा विचार आहे. त्याच्यासाठी पुस्तके निवडताना घरात सगळ्यांत जास्त चर्चा इतिहासावर झाली. गणितावरून त्याला मैदानात कुणी टोमणा मारणार नाही. अफजलखानावरून मारू शकतो.

पहिला प्रश्न होता तो बालभारतीच्या पुस्तकाचा. ‘त्यात आपले काही नाही, ते कशाला?’ असे म्हणणारे नातेवाईक प्रत्येकाला असतात. आमचे मत उलट आहे. हे पुस्तक ठेवावेच. सहावीला प्राचीन, सातवीला मध्ययुगीन आणि आठवीला आधुनिक भारत असा सरळ क्रम त्यात आहे. संकेतस्थळावरून ते फुकट उतरवता येते आणि मराठीबरोबर उर्दूतही मिळते. त्यामुळे मुलगा मराठी प्रत वाचतो आणि त्याची दादी उर्दू प्रत घेऊन समोर बसतात. शेजारची मुले जे वाचतात ते आपल्या मुलालाही माहीत असले पाहिजे. २०१७ साली सातवीचे पुस्तक बदलले, तेव्हापासून त्याचा मध्य मराठ्यांचा इतिहास आहे. सुलतान आणि मोगल त्यात त्रोटक येतात. महाराष्ट्राच्या मुलाने स्वराज्याचा इतिहास सविस्तर वाचावा यात गैर काहीच नाही. फक्त खिडकी एकच आहे, म्हणून दुसरी उघडावी लागते.

ती आम्हाला एनसीईआरटीच्या जुन्या सातवीच्या पुस्तकात मिळाली. हिंदीत त्याचे नाव ‘हमारे अतीत’, भाग दोन. २०२५ मध्ये नवे पुस्तक आले, तरी जुन्या प्रती रद्दीवाल्याकडे आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सापडतात. पहिल्याच पाठात बाराव्या शतकातल्या अल-इद्रिसीचा नकाशा आहे. त्यात दक्षिण वर आहे आणि श्रीलंका हिंदुस्थानच्या डोक्यावर! मुलाने पुस्तक उलटे धरून पाहिले. त्याच पाठात झियाउद्दीन बरनीची गोष्ट आहे: त्याने आपली तवारीख १३५६ मध्ये लिहिली आणि दोन वर्षांनी पुन्हा वेगळी लिहिली. एकच माणूस तोच काळ दोनदा लिहितो आणि दोन्ही वेळा वेगळा लिहितो, हे बाराव्या वर्षी कळले तर पुढची पुस्तके वाचायची नजर बदलते.

खरे तर ही नजर मदरशात जाणाऱ्या मुलाला परकी नाही. हदीस सांगण्याआधी ती कुणी कुणाकडून ऐकली ही सनद सांगितली जाते, हे त्याला ठाऊक असते. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे, तोही त्याने ऐकलेला असतो. मग इतिहासाच्या पुस्तकालाही सनद विचारायला काय हरकत आहे? इब्न खलदूनने चौदाव्या शतकात आपल्या ‘मुकद्दिमा’त हेच केले. हजरत मूसा (अलै.) यांच्या सैन्यात सहा लाखांहून अधिक लोक होते, या कथनावर त्याने शंका घेतली: एवढे सैन्य उभे कुठे राहणार आणि लढणार कसे? आमच्या घरी आता लढाईतला प्रत्येक आकडा गणिताच्या वहीत जातो. माणसे इतकी, घोडे इतके, रोजचा दाणा किती!

पुस्तक पारखायला आम्ही एक प्रसंग ठरवला आहे: १६५९ची प्रतापगडची भेट. दुकानात ते पान उघडायचे. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि शिवाजी महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता, ही दोन नावे सापडली तर पुस्तक पुढे चाळायचे. ती नसतील आणि नुसते ‘हे विरुद्ध ते’ असेल, तर पुस्तक परत फळीवर. याच कामासाठी गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही छोटी पुस्तिका फार उपयोगी पडते. मुलगा ती सहज वाचू शकतो.

पण हीच पारख आपल्याकडच्या पुस्तकांनाही लावायला हवी, आणि इथे आपली माणसे नाराज होतात. औरंगजेब टोप्या शिवून खर्च भागवत असे एवढेच सांगणारे आणि १६७९ साली लावलेला जिझिया किंवा १६८९ मध्ये संभाजी महाराजांची केलेली हत्या गाळणारे पुस्तक आम्ही घेत नाही. मुलाला ही गोष्ट बाहेर कुणाच्या तरी रागातून कळण्यापेक्षा घरी, आमच्या तोंडून कळलेली बरी. २०२५च्या मार्चमध्ये खुलताबादच्या कबरीवरून वातावरण तापले तेव्हा हे फार जाणवले. बादशहाच्या कृत्यांचा जबाब सातवीच्या मुलाने द्यायचा नसतो. पण ती कृत्ये काय होती हे त्याला माहीत असावे.

त्याच खुलताबादेत मलिक अंबरचा मकबरा आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मुलगा निजामशाहीचा कर्ताधर्ता होतो, १६१० मध्ये खडकी शहर वसवतो आणि जमीन महसुलाची घडी बसवतो. १६२४ मध्ये तो भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव करतो, आणि त्याच्या बाजूने शहाजीराजे लढतात. खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर. एका शहराच्या नावांतच अर्धा पाठ होऊन जातो. मलिक अंबरवर पालकांनी स्वतः वाचायचे असेल तर रिचर्ड ईटन यांचे दख्खनमधल्या आठ आयुष्यांवरचे इंग्रजी पुस्तक घ्यावे. मुलाला ते जड जाईल. आम्ही रात्री वाचतो आणि दुसऱ्या दिवशी जेवताना सांगतो.

कादंबऱ्यांचे काय? ‘श्रीमान योगी’ घरात आहे आणि दादींच्या पेटीत नसीम हिजाजी आहेत. दोन्ही खुशाल वाचाव्यात. पण फळी वेगळी, आणि अभ्यासाच्या वहीत त्यातले संवाद लिहायचे नाहीत. यूट्यूबवरच्या जोशपूर्ण व्याख्यानांनाही आम्ही याच फळीवर बसवतो.

पुढच्या वर्षी आठवी. तेव्हा सोलापूरचे चार हुतात्मे येतील. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर अब्दुल रसूल कुर्बान हुसेन फासावर गेले. फातिमा शेखही येतील. त्यांच्याबद्दल मोबाईलवर फार काही फिरते, म्हणून मुलाने आतापासून वहीत दोन रकाने आखले आहेत. पहिल्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना १० ऑक्टोबर १८५६ रोजी लिहिलेले पत्र आहे, कारण त्यात फातिमाचे नाव येते. दुसऱ्यात दरवर्षी ९ जानेवारीला फॉरवर्ड होणारी जयंती आहे, आणि तिच्यापुढे त्याने पेन्सिलीने लिहिले आहे: ‘सनद?’