आजीचं माहेर कुठलं?

मैत्रिणींनो, सासरची वंशावळ एकदा काढून बघा. पणजोबा, खापरपणजोबा ओळीनं बसलेले असतात, पणजीचा मात्र पत्ता नसतो! जातीच्या दाखल्याला सरकार वडिलांकडची साखळी मागतं, म्हणून ती शोधली जाते. आजीचं माहेर कोण मागतं? ते ठाऊक असलेली शेवटची म्हातारी गेली की विषय संपला.

मीरा रोडच्या नया नगरात तर बहुतेक बिऱ्हाडं बाहेरून आलेली. ही वस्ती गेल्या चार-पाच दशकांतली, त्यामुळे मूळ शोधायचं ते गावाकडे. आडनावावर मात्र फार विसंबू नका हं. कोकणी मुसलमानांतली काझी, खोत, मुकादम ही आडनावं हुद्द्यांवरून पडली. एकाच आडनावाची दोन घरं नात्यातली असतीलच असं नाही. शेजारच्या उत्तन-वसईकडच्या परेरा, डिमेलोंचंही तेच. १५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांकडे होती. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव मिळे. घराणं इथलंच, नाव तेवढं परदेशी!

मग बायकांचा माग लागतो कुठे? लग्नाच्या कागदात. ट्रेंटच्या धर्मसभेनं १५६३ मध्ये प्रत्येक चर्चला लग्नाची नोंदवही ठेवायला लावली. बाप्तिस्म्याच्या वहीत बाळाच्या आईचंही नाव सापडतं. निकाहनाम्यात नवरीच्या वडिलांचं नाव, मेहर, साक्षीदार असतात; साक्षीदार बहुधा मामा-काकाच, तेव्हा ती नावंही उतरवून घ्या. मूळ प्रत हरवली असेल तर निकाह लावलेल्या काझींच्या दप्तरात विचारा.

वडिलांकडची बाजू तहसील कचेरीतल्या ‘गाव नमुना १४’मध्ये, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत शोधावी. कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये शिंदे समितीनं हीच दप्तरं धुंडाळली. जुन्या नोंदी मोडीत असतात, आपल्याला एक अक्षर लागत नाही! मोडी वाचणारा जाणकार बरोबर न्यावा. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्गही घेतं. दुपारी वेळ मिळणाऱ्या बाईनं जरूर शिकावी.

पण कचेरीआधी घरातल्या म्हातारीपाशी बसा. “तुमचं लग्न कुठे झालं? वऱ्हाड कुठून आलं? मामाचं गाव कोणतं?” असं विचारा. गावाचं नाव कळल्याशिवाय कोणती वही मागणार? जुन्या ट्रंकेतला शाळेचा दाखला, रेशनकार्ड, सातबारा हेही त्याच बैठकीत काढून घ्या.