सर्पगंधा, क्षयाची गोळी आणि उदास मन

"डिप्रेशन म्हणजे मेंदूतलं सेरोटोनिन कमी होणं" हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेलच. ते आलं कुठून? त्याची गोष्ट बरीचशी योगायोगाची आहे आणि तिचा एक धागा मुंबईतून जातो.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार औषधात वापरतात. तिने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधून जगापुढे मांडलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. त्याच्या गोळ्या जगभर गेल्या आणि मग ती घेणारे काही रुग्ण उदास होतात, अशा नोंदी येऊ लागल्या.

इथे जरा थांबून मेंदूत डोकावू. दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीकशी फट असते. फटीपलीकडे निरोप न्यायचं काम रसायनं करतात. सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही त्यांपैकीच. रिसर्पिन दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूत या रसायनांचा साठा जवळजवळ रिकामा झालेला आढळला.

आता उलट बाजू बघा. १९५२ मध्येच न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड देऊन पाहत होते. खंगलेली माणसं चक्क उत्साहात वावरू लागली! हे औषध त्याच रसायनांचं विघटन करणाऱ्या विकराला अडवतं, म्हणजे रसायनं मेंदूत जास्त टिकतात. एक औषध साठा संपवतं आणि माणूस खचतो, दुसरं साठा राखतं आणि माणूस उभा राहतो. झालं, तर्क तयार!

पण तर्कात खोट निघाली. सेरोटोनिन वाढवणाऱ्या आजच्या गोळ्या फटीतलं प्रमाण काही तासांतच बदलतात, रुग्णाला बरं वाटायला मात्र बहुधा दोन ते चार आठवडे जातात. नुसती कमतरता भरून काढायची असती तर इतका वेळ का लागावा? (क्रोसीनने डोकेदुखी थांबते, म्हणून डोकेदुखी ही क्रोसीनची कमतरता ठरत नाही ना!) म्हणून संशोधक आता पेशींमधले जोड हळूहळू कसे बदलतात, दीर्घ ताणातलं कॉर्टिसॉल काय करतं, भीतीचा इशारा देणारं बदामाएवढं अमिग्डला चिंतारोगात जास्त जागं का असतं, हे तपासत आहेत.

खुलासा अपुरा म्हणजे औषध खोटं, असं मात्र समजू नका. घरात कुणाच्या गोळ्या चालू असतील तर हे वाचून त्या परस्पर बंद करू नयेत. अचानक सोडल्याने चक्कर, बेचैनी, झोपमोड होऊ शकते.

एमआरआयमध्ये रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या मोठ्या गटांच्या सरासरीत फरक दिसतो, पण एकट्या माणसाचा फोटो बघून "याला डिप्रेशन आहे" असं सांगता येत नाही. त्यामुळे डॉक्टर आजही समोर बसवून विचारतात : झोप लागते का, भूक कशी आहे, आवडीच्या गोष्टीत मन रमतं का, जगणं नकोसं वाटतं का?