थोडी हत्यारे, चांगली धार

घरी गिटार जोडू पाहणाऱ्यांसाठी हत्यारांची निवड

कोल्हापूरच्या घरांना संगीत नवे नाही. 1883 साली स्थापन झालेल्या गायन समाज देवल क्लबने या नगरीला गाणे ऐकण्याची शिस्त लावली. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांनी आपल्या गायकीची परंपरा येथे रुजवली. पेढी सांभाळून संध्याकाळी पेटीवर बसणारी माणसे व्यापारी घरांतून पूर्वीपासून आहेत. आता त्याच घरांतील मुलामुलींच्या हाती गिटार आले आहे, आणि त्यांतील काहींना ते वाजवण्याबरोबर स्वतः घडवण्याचीही ओढ लागली आहे. त्यांच्यासाठी बाजारात गिटारचे तयार संच मिळतात. आकार देऊन वाकवलेल्या बाजू, सांधलेली तबली आणि पाठ, कोरलेली दांडी, पडद्यांच्या खाचा पाडलेला फिंगरबोर्ड, घोडी, खुंट्या आणि पडद्यांची तार एवढा ऐवज एका पेटीत येतो. त्याचे वाद्य करणे हे घेणाऱ्याचे काम.

संच घेताना फारसा विचार पडत नाही. खरा विचार पडतो तो हत्यारांचा. परदेशी विक्रेत्यांच्या याद्या उघडल्या की प्रत्येक लहानशा क्रियेसाठी एक वेगळे उपकरण दिसते आणि त्या सर्वांची बेरीज संचाच्या किमतीपुढे सहज जाते. एकच गिटार करावयाचे असेल, तर ते भांडवल कायमचे अडकून पडते. उलट, घरातील जुनी पटाशी आणि हातोडी यांवर सारे निभावून नेऊ म्हणणाऱ्याचे वाद्य दिसते सुबक, पण स्वरात लागत नाही. या दोन टोकांमधला मार्ग शोधताना दुकानात माल भरणाऱ्याची नजर उपयोगी पडते. प्रत्येक हत्याराविषयी तीन प्रश्न विचारावेत. याच्यावाचून होणारी चूक पुढे सुधारता येईल काय? याचा उपयोग किती वेळा होणार? हेच काम गावातील एखादी साधी वस्तू करू शकेल काय?

मिरजेचा दाखला

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. कोल्हापूरहून पन्नासएक किलोमीटरवर असलेल्या मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी आणि तंबोरे घडत आहेत. या व्यवसायाचा आरंभ करणाऱ्यांत फरीदसाहेबांचे नाव घेतले जाते. ते शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या समाजातील. संस्थानी लढायांचा काळ सरला, तलवारींचे काम उणावले, आणि त्या कुशल हातांनी वाद्ये दुरुस्त करण्यास व पुढे घडवण्यास सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणि तुणीचे लाकूड यांतून सतारमेकर गल्लीत आजही वाद्ये आकार घेतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले.

या इतिहासात नवख्या माणसासाठी एक अर्थपूर्ण गोष्ट दडलेली आहे. वाद्यांकडे वळताना शिकलगारांनी बरोबर आणली ती धार लावण्याची विद्या. मिरजेच्या कारागिराच्या बैठकीभोवती हत्यारे मोजकीच असतात. पण त्यांतले एकही बोथट नसते. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती घसरते, आणि घसरली की तबली तरी चिरते किंवा हात तरी. म्हणून गिटारसाठी पहिली खरेदी धार लावण्याच्या दगडांची करावी. एक जाडसर आणि एक बारीक असे दोन दगड पुरेत. त्यानंतर पाऊण इंची आणि पाव इंची अशा दोन चांगल्या पोलादाच्या पटाशी, एक लहान रंधा आणि कडा खरवडण्यासाठी पातळ पोलादी पत्री घ्यावी. तबलीच्या आतील आधारपट्ट्या निमुळत्या करणे, सांधे जुळवणे, बाहेर आलेल्या कडा काढणे ही बहुतेक कामे एवढ्यावर होतात. आठ स्वस्त पटाशींच्या डब्यापेक्षा दोन उत्तम पटाशी अधिक काम देतात.

जेथे चूक माफ होत नाही

गिटारच्या सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे 70 किलोग्रॅम वजनाइतका असतो आणि तो पेलणारी तबली जेमतेम 3 मिलिमीटर जाडीची असते. या वाद्यातील बहुतेक उणिवा पॉलिश पेपरने झाकता येतात. दोन मात्र झाकता येत नाहीत: दांडीचा कोन आणि घोडीची जागा.

दांडी धडाला जोडताना तिच्या पडद्यांवर ठेवलेली सरळ पट्टी घोडीच्या माथ्याला जेमतेम स्पर्शून गेली पाहिजे. ती खाली आपटली, तर तारा इतक्या उंच राहतात की नवशिक्याची बोटे सोलवटतात. फार वर गेली, तर तारा पडद्यांवर खरखरतात. घोडीचेही तसेच. तारेची मूळ लांबी 645 मिलिमीटर धरली, तर बारावा पडदा बरोबर 322.5 मिलिमीटरवर येतो. मात्र तार दाबली की तिचा ताण किंचित वाढून स्वर चढतो. ती भरपाई करण्यासाठी घोडीवरील आधार मूळ लांबीपेक्षा थोडा मागे आणि खर्जाच्या बाजूला आणखी मागे बसवावा लागतो. येथे दोन-तीन मिलिमीटरांची चूक झाली, तर खुंट्या कितीही पिळल्या तरी वरच्या पडद्यांवरील स्वर बेसूरच राहतात. एकदा चिकटवलेली घोडी हलवणे म्हणजे तबलीची चाळण करणे.

म्हणून मापनाच्या साधनांत काटकसर करू नये. एक मीटरभर लांबीची पोलादी पट्टी, 300 मिलिमीटरची लहान पट्टी, काटकोनाचा गुण्या, व्हर्नियर कॅलिपर आणि फटी मोजणाऱ्या पातळ पत्र्यांचा फीलर गेज एवढी सामग्री हवी. कोल्हापूरकरांना यासाठी परदेशी यादी चाळण्याचे कारण नाही. शिवाजी उद्यमनगरातील यंत्रकामाच्या कारखान्यांत ही साधने रोजच्या वापरातील आहेत. आपली पट्टी खरोखर सरळ आहे की नाही, हे तेथील सरफेस प्लेटवर ठेवून क्षणात कळते. संच निवडताना दांडी बोल्टने जोडली जाणारी घ्यावी. मग कोन चुकल्यास ती उतरवून पुन्हा जुळवता येते. कबुतरशेपटी सांध्याला अधिक मुरलेला हात लागतो.

बाजारपेठ हीच हत्यारपेटी

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरच्या गल्ल्यांतच मिळते. बाजूंच्या आतील कडेला दातेरी लाकडी पट्टी चिकटवताना ती दाबून धरण्यास डझनावारी चिमटे लागतात. जगभरचे वाद्यकार यासाठी कपडे वाळत घालण्याचे साधे चिमटे वापरतात आणि दाब वाढवण्यासाठी त्यांवर रबरबँड चढवतात. तबली आणि पाठ धडावर बसवण्यासाठी भोवताली पंचवीस-तीस क्लॅम्प हवेत. विकत घेतले तर तो मोठा खर्च. पण आटे पाडलेली सळई, पंखनट, वॉशर आणि लाकडाच्या चकत्या आणून ते घरी बनवता येतात. लाकडावर वळ उठू नये म्हणून चकत्यांना बूच किंवा रबर लावावे.

पडद्यांची टोके गोल करण्यासाठी सोनारांच्या बारीक कानशी उत्तम. गुजरीत कारागिरांना लागणारी अशी सामग्री मिळते. सर्व पडदे एका पातळीत आणण्यासाठी ग्राइंड केलेल्या सपाट पोलादी पट्टीला पॉलिश पेपर चिकटवला की काम भागते. पडदे ठोकण्यासाठी नायलॉनच्या किंवा पितळेच्या तोंडाची हातोडी घ्यावी; पोलादी हातोडीने पडद्यांवर खळगे पडतात. पडद्याची सपाट झालेली पाठ पुन्हा गोलाकार करणारी खास कानस मात्र मागवावीच लागते. यादीतील खरोखर खास म्हणावे असे हत्यार तेवढेच, आणि तेही दोन-तीन मित्रांत मिळून एक पुरते.

हाड, सरस आणि लाख

हत्यारांची निवड पदार्थांच्या निवडीशी बांधलेली असते, आणि अहिंसेचा विचार करणाऱ्या घरांनी येथे क्षणभर थांबणे आवश्यक आहे. वाद्य लाकडाचे असते; पण त्यात प्राणिज पदार्थ अनेक वाटांनी येतात. गळ्याच्या टोकाशी तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, म्हणजे नट, आणि घोडीवरील आधार हे पुष्कळ संचांत गुरांच्या हाडाचे असतात. वाद्यकारांचा पारंपरिक सरस जनावरांच्या कातड्यापासून काढतात. शोभेच्या नक्षीत शिंपले असतात. फ्रेंच पॉलिशसाठी लागणारा चपडा लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून होतो आणि लाख मिळवताना ते जीवही नष्ट होतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत शास्त्रीय गिटारच्या मुख्य ताराही आतड्याच्या असत. 1940 च्या दशकात नायलॉन आल्यावर ती प्रथा मागे पडली.

आज या प्रत्येकास पर्याय आहे. तो स्वीकारल्याने हत्यारेही कमी होतात, ही विशेष ध्यानात घेण्याची गोष्ट. हाडाच्या कोऱ्या पट्टीत प्रत्येक तारेच्या जाडीची खाच पाडण्यासाठी सहा निरनिराळ्या कानशींचा महाग संच लागतो. खाचा तयार असलेली कृत्रिम पट्टी घेतली, तर तिची तळबाजू सपाट पॉलिश पेपरवर घासून उंची जुळवणे एवढेच उरते. सरसाला सतत कोमट ठेवणारे भांडे आणि चपळ हात हवेत. पिवळ्या रंगाच्या कृत्रिम लाकूड-गोंदाला यांपैकी काही लागत नाही. नेहमीचा पांढरा गोंद उष्णतेने मऊ पडतो आणि सततच्या ताणाखाली किंचित सरकतो, म्हणून आधारपट्ट्या व घोडी यांसाठी पिवळाच बरा. मात्र सरसाचा गुणही मान्य केला पाहिजे. तो कडक वाळतो, आणि ऊब व ओल देऊन सांधा पुन्हा उकलता येतो, म्हणूनच दुरुस्ती करणारे अजून त्याला मान देतात. पिवळा गोंद जुना झाला की दगा देतो. दोन टाकाऊ फळ्या चिकटवून दुसऱ्या दिवशी मोडून पाहाव्यात. सांध्याऐवजी लाकूड तुटले, तर गोंद चांगला. चपड्याऐवजी पाण्यात मिसळणारे वार्निश वापरता येते. संच मागवण्यापूर्वी विक्रेत्याला नट, आधार आणि नक्षी कशाची आहे हे विचारून कृत्रिम किंवा लाकडी भाग देण्यास सांगावे.

ऋतू आणि श्वास

आणखी दोन साधने यादीत सहसा तळाशी असतात. ती वर आणली पाहिजेत. एक म्हणजे हवेतील आर्द्रता दाखवणारे घड्याळवजा मापक. लाकूड ओलाव्याने फुगते, कोरडेपणाने आकसते. वाद्यकार तबलीला आधारपट्ट्या चिकटवताना आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ती 80 टक्क्यांच्या वर राहते. त्या दिवसांत फुगलेली तबली चिकटवली, तर उन्हाळ्यात ती आकसू पाहते, चिकटलेल्या पट्ट्या तिला आकसू देत नाहीत, आणि शेवटी तबली तडकते. म्हणून चातुर्मासात हत्यारे जमवावीत, धारा लावाव्यात, टाकाऊ लाकडावर हात बसवावा. चिकटवण्याचे काम कार्तिकी पौर्णिमेनंतर हवा कोरडी झाल्यावर, मापकाचा काटा पाहूनच हाती घ्यावे.

दुसरे साधन तोंडावरचा चांगला मास्क. पाठीसाठी आणि बाजूंसाठी वापरले जाणारे शिसवी लाकूड आपल्या सह्याद्रीच्या रांगांतही वाढते आणि जगभर गिटारसाठी मान पावले आहे; पण त्याची बारीक धूळ अनेकांच्या त्वचेला व श्वासाला बाधते. घासकाम घरातील लहान मुलांपासून दूर, मोकळ्या हवेत करावे आणि ओल्या फडक्याने धूळ पुसून घ्यावी.

सारांश, खरेदीचा क्रम असा राहतो. आधी मापनाची साधने आणि धारेचे दगड, मग दोन पटाशी, रंधा व पत्री, त्यानंतर घरी केलेले क्लॅम्प आणि चिमटे, आणि पडद्यांची हत्यारे दांडी तयार होईपर्यंत थांबवून शेवटी. प्रत्येक टप्प्याचे काम समोर आल्यावरच त्याचे हत्यार घेतले, तर अनावश्यक खरेदी आपोआप टळते. गिटार पूर्ण झाल्यावरही या पेटीतील बहुतेक वस्तू घराच्या कामी येतात. कपाटाचे अडकणारे दार, देव्हाऱ्याची निखळलेली पट्टी, आजोबांच्या पेटीचा सुटलेला सांधा यांना सुतार येईपर्यंत वाट पाहावी लागत नाही. आणि धार लावण्यास शिकलेला मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या वाद्यासाठी नवी यादी मागत नाही; असलेलीच पटाशी दगडावर ठेवते.